टांकसाळीची चूक की हातोडीचा मार?

या खेपेच्या टपालात बहुतेक पत्रं एकाच विषयाची आहेत. ज्याच्या-त्याच्या घरात एक ‘एरर कॉइन’, म्हणजे टांकसाळीत चुकून बिघडलेलं नाणं, निघालं आहे आणि ज्याला-त्याला त्याचे लाख रुपये हवे आहेत. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवतो.

नव्या वाचकांसाठी सांगतो, माझी सगळी नोकरी पिथमपूरला, कारखान्याच्या टूलरूममध्ये झाली. डाय (ठसा उमटवणारा साचा) बसवायची, प्रेस लावायची आणि माल बिघडला की तो का बिघडला ते शोधायचं. त्यामुळे विचित्र नाणं हातात आलं की माझा पहिला प्रश्न असतो, हे कुठल्या मशीनवर बिघडलं? नाणं होण्याची वाट ठरलेली आहे. धातूच्या पट्टीतून चकत्या कापायच्या, त्या भट्टीत तापवून नरम करायच्या, काठ उचलून घ्यायचा आणि मग खालची डाय, वरची डाय, भोवती काठ आवरून धरणारी कॉलर आणि दणदणीत एक ठोका. खरी चूक यांपैकी कुठल्या तरी ठिकाणीच जन्माला येते. ते ठिकाण बोट ठेवून सांगता आलं नाही, तर नाणं टांकसाळीतून धड निघालं आणि बाहेर कुणीतरी त्याची दशा केली असं समजावं.

प्रश्न : काका, सा. न. वि. वि. मुलाने रविवारी राजवाड्याजवळच्या एका फेरीवाल्याकडून पाच रुपयांचा जुना जाडा सिक्का आठशे रुपयांना घेतला. एका बाजूला तीन सिंह नेहमीसारखे आहेत. दुसऱ्या बाजूलाही सिंहच, पण उलटे आणि आत दबलेले. फेरीवाला म्हणाला, ‘लाखी है, आगे जाके बहुत देगा.’ यजमानांचा विश्वास नाही. फोटो जोडले आहेत. (सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : ताई, यजमानांचं म्हणणं खरं निघालं. पण मुलाला बोलू नका, कारण लाखी नावाची चीज खरोखर असते आणि ती दिसायला साधारण अशीच असते.

खरी लाखी कशी होते ते आधी पाहू. ठोका बसलेलं नाणं कधीकधी प्रेसमधून बाहेर पडतच नाही, डायला चिकटून बसतं. पाच आकड्याच्या डायला ते चिकटलं, तर त्याचं सिंहाचं तोंड उघडं राहतं. तेवढ्यात पुढची कोरी चकती येते आणि ठोका पडतो. या चकतीला एकीकडून सिंहाची खरी डाय भेटते, म्हणून तिथे सिंह उठून येतात. दुसरीकडून चिकटलेल्या नाण्याचे सिंह भेटतात, म्हणून तिथे तेच सिंह आरशातल्यासारखे उलटे आणि आत गेलेले उमटतात. पाच आकड्याची डाय चिकटलेल्या नाण्याखाली झाकलेली असते. ती या चकतीला शिवतच नाही.

म्हणजे चिकटलेल्या नाण्याने डाय पुरती झाकली असेल, तर खऱ्या लाखीवर पाच आकडा नसतो. अर्धा नसतो, पुसट नसतो, अजिबात नसतो.

आता तुमचा दुसरा फोटो मोठा करून पाहा. दबलेल्या सिंहांच्या उजवीकडे एक चपटी, गोल वळणाची कड दिसते. ते पाचाचं पोट आहे. त्याच्याही पलीकडे फुलाच्या पाकळीचा एक तुकडा शिल्लक आहे. याचा अर्थ हे नाणं आधी व्यवस्थित छापलं गेलं, चलनात फिरलं आणि नंतर कुणीतरी दुसरं नाणं त्यावर ठेवून दोन्ही व्हाइसमध्ये (वस्तू आवळून धरणाऱ्या शिकंज्यात) किंवा प्रेसखाली दाबली. जुना जाडा पाच रुपया तांबं-निकेलचा. दोन्ही नाणी सारख्याच धातूची असल्यामुळे दोघांचाही उठाव बसला. पहिल्या फोटोतले सिंह बघा, मधल्या सिंहाची आयाळ सपाट झाली आहे आणि तिच्यावर बारीक आडव्या-उभ्या रेघा आहेत. त्या व्हाइसच्या जबड्याच्या. टांकसाळीतून आलेल्या लाखीची सरळ बाजू अशी चेपलेली नसते, तिला तर डायचा पूर्ण ठोका मिळालेला असतो.

आणखी एक खूण सांगून ठेवतो, पुढे मुलाला उपयोगी पडेल. चिकटलेलं नाणं तसंच राहून ठोक्यामागून ठोके खात गेलं तर पसरत जातं. मग त्याच्यामुळे उमटणारी दबकी प्रतिमाही मोठी आणि पसरट होत जाते. खऱ्या लाख्यांमध्ये काही ठसठशीत, काही फुगलेल्या दिसतात त्या यामुळे. दाबून केलेल्या खोट्या नाण्यावर प्रतिमा नेहमी मूळ मापाची आणि उथळ असते.

आठशे रुपये परत मिळतील असं मला वाटत नाही. नाणं मात्र ठेवून द्या. खोटी लाखी जवळ असली की खरी ओळखायला बरं पडतं.

प्रश्न : सर, मी दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे २००० सालचा एक रुपया आहे, स्टीलचा. त्याच्या काठाचा चंद्रकोरीसारखा तुकडा नाही. मित्र म्हणतात ग्राइंडरने कापलाय. वजन ४.६२ ग्रॅम भरलं. हे वजन कमी आहे, म्हणजे तो खरा एरर ना? (वडोदरा)

उत्तर : वजनावरून इथे काही ठरत नाही. त्या रुपयाचं ठरलेलं वजन ४.८५ ग्रॅम. तुकडा टांकसाळीत गेला काय, ग्राइंडरवर गेला काय, वजन दोन्हीकडे कमीच भरणार. पण तुम्ही काटा वापरलात हे मला आवडलं. तीन-चारशे रुपयांत मिळणारा तो खिशातला काटा प्रत्येक संग्राहकाकडे हवा.

लाटलेल्या पोळीतून वाटीने पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली की पुरी कोर गेलेली निघते. टांकसाळीत नेमकं हेच होतं. पट्टी पुरेशी पुढे सरकत नाही आणि चकत्या कापणारा पंच आधीच्या भोकावर चढतो. चकती कोर घेऊनच जन्माला येते आणि पुढची सगळी वाट तशीच चालते. काठ उचलायच्या मशीनमध्ये चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर बरोबर समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही. म्हणून कोर जिथे आहे त्याच्या थेट समोरचा काठ फिका, बसका किंवा जवळपास गायब असतो. इंग्रजी पुस्तकांत याला ब्लेक्सली परिणाम म्हणतात. ग्राइंडरवाल्याला समोरचा काठ घालवायचं सुचत नाही.

दुसरी गोष्ट कोरीच्या कडेची अक्षरं. ठोक्याच्या वेळी धातू मोकळ्या बाजूला सरकतो, त्यामुळे कोरीजवळची अक्षरं ताणलेली, पुसट होत जातात. ग्राइंडरने कापलेल्या नाण्यावर अक्षर अगदी कडेपर्यंत ठणठणीत असतं आणि मग एकदम तुटतं.

तुमच्या फोटोत समोरचा काठ सुमारे दोन-तीन मिलिमीटर लांबीत उतरलेला आहे आणि कोरीजवळचं अक्षर पातळ झालेलं आहे. माझ्या मते खरा आहे. मित्रांना हे दोन्ही दाखवा.

प्रश्न : आमच्या सासरेबुवांच्या ट्रंकेत चांदीचा एक होळकरी रुपया मिळाला. त्यावर सूर्य आहे, पण पार एका कडेला सरकलेला, अर्धाच. उर्दूसारखी अक्षरंही कापलेली. शिवाय बारीक-बारीक छिद्रांसारखे पाच-सहा ठसे मारलेत आणि कडेला डाग लागल्यासारखं आहे. एवढ्या चुका एकाच नाण्यात म्हणजे किंमत जास्त असेल ना? चिंचेने घासून ठेवू का? (रामबाग, इंदूर)

उत्तर : काकू, आधी शेवटचं. घासू नका! चिंच नको, लिंबू नको, पितांबरी नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. चांदीवर वर्षानुवर्षं बसलेला काळपट थर म्हणजे त्या नाण्याचं वय आहे. तो एकदा गेला की कितीही पैसे टाकले तरी परत येत नाही.

आता तुमचा सूर्य. हा मल्हारनगर टांकसाळीचा, म्हणजे आपल्या इंदूरचाच रुपया. अहिल्याबाईंच्या काळच्या महेश्वरच्या नाण्यांवर शिवलिंग आणि बेलाचं पान असतं, मल्हारनगरच्या नाण्यांवर सूर्याचं तोंड. अक्षरं फारसी आहेत आणि नाव दिल्लीच्या शाह आलम दुसऱ्याचं. हा बादशहा १८०६ साली वारला, पण होळकरांच्या रुपयावर त्याचं नाव पुढेही चालूच राहिलं. बाजारात ओळखीचं नाव असलेला रुपया बिनबोभाट चालतो, म्हणून संस्थानिकांनी ते बदललं नाही.

ही नाणी हाताने पाडलेली. खालची डाय ऐरणीत पक्की, त्यावर चांदीची चकती, वरची डाय हातात धरायची आणि वरून घण. कॉलर नाही, मशीन नाही. त्यातून डायचं चित्र चकतीपेक्षा मोठं असायचं. पूर्ण चित्र चकतीवर मावतच नव्हतं, मग कुणाच्या वाट्याला सूर्याचं कपाळ यायचं, कुणाच्या वाट्याला हनुवटी. दोन बाजू एकमेकींशी कशाही कोनात फिरलेल्या असायच्या, कारण वरची डाय कारागीर जशी धरेल तशी. म्हणून सरकलेला सूर्य ही चूक नव्हे, रोजचं काम आहे. उलट ज्या रुपयावर संपूर्ण सूर्य मधोमध बसला आहे आणि टांकसाळीचं नावही पुरतं वाचता येतं, तो कमी सापडतो आणि त्याचेच जास्त पैसे येतात.

बारीक ठसे सराफांचे. रुपया हातात आला की सराफ तो खणखण वाजवून बघायचा, शंका आली की छोट्या पंचाने टोचून आत तांबं नाही ना हे पाहायचा आणि आपली खूण उठवायचा. हे ठसे टांकसाळीबाहेरचेच, म्हणजे माझ्या हिशेबाने नुकसान. पण मला हे नुकसान फार आवडतं. तुमच्या रुपयावर पाच-सहा खुणा आहेत म्हणजे तो तितक्या पेढ्यांवर तपासला गेला आणि दर वेळी खरा उतरला.

कडेचा डाग मात्र झाळकामाचा आहे. कधीतरी या रुपयाला कडी लावून तो गळ्यातल्या माळेत ओवला गेला असणार. झाबुआ-धारकडच्या बायकांच्या गळ्यात अशा रुपयांच्या माळा आजही दिसतात. कडी काढली तरी काठाच्या त्या जागी वेगळ्या रंगाचा धातू राहतो. झाळ दिसली की किंमत उतरते, हे सांगायला हवं. मात्र सासरेबुवांचा रुपया विकायचाच असं कुणी म्हटलंय?

होळकरांची मशीनवरची नाणी वेगळी. शिवाजीराव होळकरांचे नंदीचे पैसे किंवा १९३५ सालचे यशवंतरावांचे अर्ध्या आण्याचे तांब्याचे नाणे यांत सरकलेली छपाई दिसली, तर तिथे ‘चूक’ हा शब्द वापरता येतो. तसं काही ट्रंकेत असेल तर जरूर कळवा.

प्रश्न : पाच रुपयांच्या नाण्यात सिंह सरळ धरून नाणे उलटले असता मागील आकडा उलटा दिसतो. माझ्याजवळ अशी एकवीस नाणी आहेत. हा दोष कोणत्या प्रकारात मोडतो? (निवृत्त शिक्षक, ग्वाल्हेर)

उत्तर : सर, एकवीसच्या एकवीस नाणी तशी आहेत, यातच उत्तर आलं. तुम्ही नाणं वरून खाली फिरवता आहात. आपली नाणी पुस्तकाचं पान उलटावं तशी आडवी फिरवायची. सिंह सरळ धरा, उजव्या-डाव्या कडा दोन बोटांत पकडा आणि आडवं फिरवा. आकडा सरळ आला की नाणं निर्दोष. तसं करूनही आकडा कलंडलेला किंवा पूर्ण उलटा आला, तरच डाय फिरलेली होती असं म्हणता येतं. थोड्याशा कलाला कुणी विचारत नाही. जितका कोन मोठा तितकी मजा. अमेरिकेची नाणी मात्र मुळातच वरून खाली फिरवायची असतात, तेव्हा नातवाने तिकडून आणलेलं नाणं ‘दोषी’ धरू नका.

प्रश्न : पिवळा झालेला एक रुपयाचा सिक्का सापडला, पितळेसारखा चमकतो. चुकून दुसऱ्या धातूवर छापला गेला असेल का? (महू)

उत्तर : चुंबक लावा. १९९२ नंतरचा रुपया स्टीलचा आहे, चुंबकाला चिकटतो. तुमचा चिकटला, तर आत स्टीलच आहे आणि पिवळेपणा वरचा मुलामा. कुणी गंमत म्हणून नाणं दागिन्यांच्या मुलाम्यातून काढून घेतं. काठावर, अक्षरांच्या टोकांवर जिथे झीज जास्त असते तिथे भिंगातून पाहा, पांढरा धातू डोकावताना दिसेल. चिकटला नाही तर वजन करा आणि मग मला लिहा. तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसेन. त्याआधीच्या, १९८० च्या दशकातल्या रुपयांना हा नियम लावू नका. ते तांबं-निकेलचे आहेत आणि चिकटत नाहीतच.

प्रश्न : दहा रुपयांचं नाणं, मधली पांढरी चकती गायब, फक्त पिवळी कडी. एरर म्हणून ऑनलाइन विकायला लावू? (विजय नगर, इंदूर)

उत्तर : कडीचं भोक आतून पाहा. ठोका बसतानाच मधली चकती नसेल, तर कडीचा धातू आतल्या रिकाम्या जागेत सरकतो. भोकाची कड घरंगळलेली, गोलसर आणि थोडी वेडीवाकडी होते. ठोक्यानंतर कुणी चकती ठोकून काढली असेल, तर भोक स्वच्छ गोल राहतं आणि चित्राच्या रेषा भोकाच्या कडेपाशी सुरीने कापल्यासारख्या थांबतात. तुमच्या फोटोत एका बाजूला हातोडी-खिळ्याची खूणही आहे, त्यामुळे लावू नका.

दहाच्या नाण्यावरून आठवलं. दुकानदार अजूनही ‘रुपयाचं चिन्ह नाही, वरच्या रेघा पंधरा आहेत, नकली आहे’ म्हणून ही नाणी परत करतात, अशी तीन पत्रं आहेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं होतं की तोवर दहाची नाणी १४ वेगवेगळ्या नक्ष्यांत निघाली आहेत आणि सगळी चालतात. नक्षी बदलते म्हणून नाणं ना खोटं ठरत, ना एरर. तीच गोष्ट तारखेखालच्या खुणांची. हिरा म्हणजे मुंबई, तारा हैदराबाद, ठिपका नोएडा, काही नाही तर कोलकाता. १९८५ च्या रुपयावर तारखेखाली इंग्रजी ‘एच’ दिसला तर तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा. त्या काळात आपण नाणी बाहेरूनही पाडून घेत होतो. या खुणांना कुणी ‘जादा अक्षराची चूक’ म्हणून विकत असेल तर दुकान बदला.

प्रश्न : आजोबा, मी सहावीत आहे. आम्ही मामाकडे राऊला गेलो होतो तेव्हा रुळावर सिक्का ठेवला. तो लांब आणि पातळ झाला. हा पण एरर आहे का? आई म्हणते पत्र लिही. (मेघ, लोकमान्य नगर)

उत्तर : मेघ, नाही. टांकसाळीत रेल्वे जात नाही. पण तुझं नाणं बघण्यासारखं आहे. सिंहाचं तोंड बघ, लांबुळकं झालं असेल. ठोक्याच्या वेळी कॉलर नसेल तरीही नाणं पसरतं, पण तेव्हा चित्र मधोमध मूळ आकाराचंच राहतं आणि नुसता काठ बाहेर फाकतो. चाकाखाली चित्रच ताणलं जातं. हा फरक डोळ्यांत बसव, मोठ्या माणसांनाही तो कळत नाही. आणि पुन्हा रुळाजवळ जायचं नाही. मामाला हे माझ्या नावाने सांग.

प्रश्न : माझ्याकडच्या वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला तीन लाख देतो असा मेसेज आला. ‘आरबीआय’च्या लेटरहेडवर पत्रही आलं. आधी फाइल चार्ज, मग जीएसटी असे दोनदा पैसे भरले. आता तिसऱ्यांदा मागताहेत. भरू का? (स्नेहलतागंज)

उत्तर : अजिबात भरू नका. वैष्णोदेवीचं नाणं २०१२ चं स्मारक नाणं आहे, सगळीकडे फिरलेलं, आणि त्यात चूकबिक काही नाही. रिझर्व्ह बँक जुनी नाणी विकत घेत नाही, त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तिच्या नावाने असं कुणी मागत असेल तर तो फसवतो आहे, असं बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. मेसेज, पत्र, ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील, काहीही डिलीट करू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर आजच फोन करा आणि बँकेलाही कळवा. या पत्राचं उत्तर अंकात येईपर्यंत थांबायला नको म्हणून ते तुम्हाला वेगळं टपालानेही पाठवलं आहे.